पिल्ग्रिम आणि प्युरिटन: प्लिमथ वेगळं, बोस्टन वेगळं

आमच्याकडे बोस्टनला भारतातून कुणी आलं की एक दिवस प्लिमथला नेतोच, तासाभराचा रस्ता आहे, आणि तिथे समुद्राकाठी खांबांच्या मंडपाखाली ठेवलेला तो १६२० कोरलेला दगड बघितला की हमखास प्रश्न येतो, "म्हणजे हेच ते प्युरिटन ना, बोस्टन वसवणारे?" नाही हो. प्लिमथला १६२० मध्ये आले ते पिल्ग्रिम, बोस्टन वसवलं १६३० मध्ये आलेल्या प्युरिटनांनी, आणि साठ एक वर्षं या दोन वेगळ्या कॉलन्या, म्हणजे इंग्रजांच्या वसाहती, होत्या, वेगळा गव्हर्नर, वेगळे कायदे.

धर्माचा फरक आधी सांगून टाकतो, तो सोपा आहे. इंग्लंडचं सरकारी चर्च दोघांनाही पटत नव्हतं. प्युरिटन म्हणायचे चर्च आपलंच आहे, आत राहून साफ करू. पिल्ग्रिम म्हणाले हे काही सुधारणार नाही, आम्ही चूल वेगळी मांडतो, आणि त्या काळी तो सरळसरळ गुन्हा होता, म्हणून स्क्रूबी गावाकडची ही मंडळी १६०८ च्या सुमारास गुपचूप हॉलंडला निघून गेली आणि लायडनमध्ये दहा-अकरा वर्षं राहिली. मराठीत त्यांना कधीकधी 'यात्रेकरू' लिहितात त्याने घोळ वाढतोच, कारण वारकरी पंढरपूरहून घरी येतो, हे लोक परत जायला निघालेच नव्हते.

पण मला विचाराल तर खरा फरक कागदाचा आहे. कुणाच्या हातात कुठला कागद होता हे बघितलं की बाकी सगळं उलगडत जातं.

पिल्ग्रिमांकडे पैसे नव्हते. लंडनच्या व्यापाऱ्यांनी पैसे घातले, अट अशी की सात वर्षं सगळी कमाई सामायिक आणि शेवटी वाटणी. मेफ्लॉवर जहाजावर १०२ प्रवासी होते, त्यात लायडनची मंडळी निम्मीसुद्धा नव्हती, बाकीचे बाहेरचे. हातातला वस्तीचा परवाना व्हर्जिनिया कंपनीचा, आणि नोव्हेंबरात जहाज लागलं ते केप कॉडला, म्हणजे त्या परवान्याच्या हद्दीबाहेर! मग बाहेरच्यांपैकी काहीजण बोलायला लागले की आता आमच्यावर कुणाचा हुकूम चालत नाही. तेव्हा किनाऱ्यावर वस्ती करायच्या आधी, जहाजावरच, ४१ पुरुषांनी एका कागदावर सह्या केल्या की आपण सगळे मिळून एक समाज बनवतो आणि सगळ्यांच्या हिताचे जे कायदे करू ते पाळतो. हाच मेफ्लॉवर करार. लोकशाहीचा पाया वगैरे लोक म्हणतात, मला मात्र तो अडचणीतून सुचलेला कागद वाटतो आणि म्हणूनच जास्त भिडतो, समोर अनोळखी किनारा, हिवाळा तोंडावर, आणि ही माणसं आधी एकमेकांना बांधून घेतात. त्या हिवाळ्यात जवळपास निम्मी माणसं गेली.

आणि वस्ती केली कुठे, तर पाटुक्सेटला. वाम्पानोआग या तिथल्या मूळ लोकांचं ते गाव, काही वर्षांपूर्वी साथीत सगळं ओस पडलेलं, जमीन आधीच साफ केलेली. त्याच गावचा टिस्क्वांटम, ज्याला १६१४ मध्ये पकडून स्पेनला नेऊन विकलं होतं, तो इंग्लंडमार्गे परत आला तेव्हा घरचं कुणी उरलं नव्हतं, आणि त्यानेच या लोकांना मका कसा लावायचा ते शिकवलं. दगडाचा फोटो काढून परत फिरायची घाई असते सगळ्यांना, पण ही गोष्ट मी पाहुण्यांना सांगतोच.

राजाची सनद प्लिमथला शेवटपर्यंत मिळाली नाही. व्यापाऱ्यांचा वाटा त्यांनी १८०० पौंडांना विकत घ्यायचं ठरवलं आणि ते देणं फेडण्यात पुढची कितीतरी वर्षं गेली.

आता मॅसॅच्युसेट्स बे, म्हणजे प्युरिटनांची बोस्टनची कॉलनी. इथे पैसेवाले, शिकलेले लोक, आणि १६२९ मध्ये राजा पहिल्या चार्ल्सने दिलेली पक्की सनद. ती सनद एका कंपनीची होती, गव्हर्नर, त्याचे सहायक, आणि भागधारकांची सभा. पण कंपनीची सभा कुठे भरायची हे त्यात लिहिलेलंच नव्हतं! मग कंपनीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप आणि मंडळींनी ठरवलं की आपण जातोय तर सनदही सोबत न्यायची. आपल्याकडचं उदाहरण देतो म्हणजे लक्षात येईल, १६६८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली, तीही सनदवालीच कंपनी, पण तिचे मालक आणि सभा लंडनमध्ये, मुंबईत राहणाऱ्याला तिथे मत नाही. बोस्टनला मात्र कंपनीच जहाजात बसून आली. भागधारकांची सभा झाली विधिमंडळ, आणि मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळाला आजही जनरल कोर्टच म्हणतात.

१६३१ मध्ये नियम झाला की मत फक्त चर्चच्या सभासद पुरुषांना. प्लिमथला असा नियम नव्हता. आणि १६३४ मध्ये तर गावागावातून दोन-दोन माणसं विन्थ्रॉपकडे गेली, म्हणाली आम्हाला सनद दाखवा. वाचली तर त्यात स्पष्ट होतं की कायदे करायचा अधिकार सगळ्या सभेचा, नुसत्या गव्हर्नर आणि सहायकांचा नाही. त्यानंतर गावांचे प्रतिनिधी सभेत बसायला लागले आणि त्याच वर्षी विन्थ्रॉप निवडणूक हरला. मला हा प्रसंग फार आवडतो, कागद मागून वाचणारी साधी माणसं.

पण धर्माच्या स्वातंत्र्यासाठी आले म्हणतात ते स्वातंत्र्य त्यांच्यापुरतंच होतं. वेगळी मतं मांडली म्हणून रॉजर विल्यम्सला हाकललं, अ‍ॅन हचिन्सनला हाकललं, आणि १६६० मध्ये क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथात गेलेल्या मेरी डायरला बोस्टनमध्ये फाशी दिली.

आकाराचाही फरक मोठा. १६४० पर्यंत साधारण २०,००० लोक न्यू इंग्लंडला आले, त्यातले बहुतेक बे कॉलनीकडे, प्लिमथ त्या मानाने लहानच राहिलं. १६८४ मध्ये राजाने बे कॉलनीची सनद रद्द केली, आणि १६९१ ला नवी सनद आली त्यात प्लिमथ बोस्टनला जोडून टाकलं, मताला चर्चऐवजी मालमत्तेची अट लागली. सेलमचे चेटकिणींचे खटले त्यानंतरचे, १६९२ चे, आणि सेलम बे कॉलनीचं गाव, तेव्हा ते पिल्ग्रिमांच्या नावावर टाकू नका.