टेलिपथी आणि टेलिकायनेसिस: दुसऱ्या भागात गल्लत नको

स्पेस ऑपेराच्या, म्हणजे अंतराळातल्या साहसकथेच्या, पहिल्या भागात नायिकेकडे ‘मानसिक शक्ती’ आहे एवढं सांगून निभावतं. दुसऱ्या भागात कथेचा वेग वाढतो, शत्रू तगडा होतो आणि लेखक तिला एकाच दमात मनंही वाचायला लावतो, जहाजंही थोपवायला लावतो. कथा ढिली पडते ती इथेच. टेलिपथी, म्हणजे मन वाचणं, हा माहितीचा व्यवहार; टेलिकायनेसिस, म्हणजे हात न लावता वस्तू हलवणं, हा बळाचा. पहिलीमुळे रहस्य संपतं, दुसरीमुळे धोका. म्हणून दोघींना मर्यादाही वेगवेगळ्या हव्यात.

टेलिपथीची परीक्षा पणजी-बेती फेरीबोटीवर घ्या. शेजारचा माणूस घरी कोंकणी बोलतो, पेपर मराठी वाचतो. नायिकेला त्याचे शब्द ऐकू येतात की नुसती भीती, घाई, राग कळतो? शब्दच ऐकू येत असतील तर परग्रहावरच्या सेनापतीचं मन तिला बंद. भावना कळत असतील तर तो हल्ला करणार हे समजेल, कुठून करणार ते नाही. आमच्या मते दुसरा पर्याय कथेला जास्त मानवतो. अंतराचाही निर्णय आधीच घ्या. पृथ्वी-मंगळ रेडिओ संदेशाला एका बाजूने सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात. टेलिपथी तत्काळ पोचत असेल तर प्रत्येक आरमार तिच्या मागे लागेल, आणि हे कथेत दिसायला हवं.

टेलिकायनेसिसचं गणित मात्र सोडून चालत नाही. ५० किलोचा माणूस पृथ्वीवर एक मीटर उचलायला साधारण ४९० जूल (जूल हे ऊर्जेचं एकक) लागतात. सेकंदाला १० किलोमीटर वेगाने, म्हणजे पणजीहून मडगाव चार सेकंदांत गाठेल अशा वेगाने येणारा एक टनाचा तुकडा थांबवायचा तर ५,००० कोटी जूल, दहा कोटी पट! तो थांबवू नका, बाजूला ढकला. १,००० किलोमीटरवर असतानाच त्याला सेकंदाला एक मीटर आडवा वेग दिला, तर १०० सेकंदांत तो १०० मीटर सरकतो, आणि ऊर्जा लागते फक्त ५०० जूल. लहान जहाज वाचतं.

पण न्यूटनचा तिसरा नियम आहेच. तेवढाच उलटा धक्का ६० किलोच्या नायिकेला बसला तर ती ताशी ६० किलोमीटरने मागे फेकली जाईल. म्हणजे तिला आधी जहाजाच्या सांगाड्याला पट्ट्यांनी बांधून घ्यावं लागेल. आत उभं राहून ती आपलंच जहाज पुढे ढकलू शकत नाही, हेही त्याच नियमामुळे.

आता दोन्ही शक्ती एका प्रसंगात आणता येतात. तोफ डागणाऱ्याच्या मनातला निर्धार तिला आधी जाणवतो, दिशा कळत नाही. ती दिशा रडारवर शोधायला सहकारी हवा, आणि शंभरातले जितके सेकंद शोधात जातील तितका धक्का जास्त मोठा द्यावा लागेल.