अवजड वाहनांमुळे होणारी रस्त्याची झीज : खर्च कोणाचा

रस्ता सगळ्या गाड्यांनी सारखा झिजत नाही, म्हणून दुरुस्तीचे पैसे कोणाकडून किती घ्यायचे हा वाद जुना आहे. ब्रिटनमध्ये १७५३ च्या कायद्याने जड मालवाहू घोडागाड्यांना रुंद चाकांची सक्ती केली होती, कारण अरुंद चाकं रस्त्यात चर पाडतात.

आजचा वाद मात्र 'चौथ्या घाता'भोवती फिरतो. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवले, त्यातून साधारण असं निघालं की झीज एक्सलवरच्या (दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसावरच्या) वजनाच्या चौथ्या घातानुसार, म्हणजे तोच आकडा चार वेळा घेऊन केलेल्या गुणाकारानुसार वाढते, म्हणून १० टनांचा एक एक्सल १ टनाच्या एक्सलपेक्षा १०,००० पट नुकसान करतो. पण ती चाचणी एकाच हवामानात, एकाच प्रकारच्या मातीवर आणि जेमतेम दोन वर्षांची, त्यामुळे हा आकडा दगडावरची रेघ नाही. स्मॉल आणि विन्स्टन या अर्थतज्ज्ञांनी तोच डेटा पुन्हा तपासला तेव्हा घात तीनच्या जवळ आला, म्हणजे १०,००० चे १,००० होतात. रस्त्याचा प्रकार बदलला की घातही बदलतो, तेव्हा चारला अंदाज मानणंच जास्त बरोबर वाटतं. पण तीन धरा की चार, कारचा वाटा नगण्यच राहतो, आणि चार धरलं तर २० टक्के ओव्हरलोडने नुकसान दुप्पट होतं.

खरी गोष्ट एकूण वजनाची नाहीच, ते किती एक्सलवर वाटलंय याची आहे. २० टन दोन एक्सलवर टाकले आणि तेच चारवर टाकले तर चौथ्या घाताने झीज ढोबळमानाने आठपट कमी होते (एक्सल अगदी जवळजवळ असतील तर हिशोब थोडा बदलतो). डिझेलवरच्या टॅक्सला हा फरक कळतच नाही, उलट जादा एक्सलवाली गाडी थोडं जास्त डिझेल खाते म्हणून तिलाच जास्त भुर्दंड बसतो, आणि हे सरळसरळ अन्यायाचं आहे.

काही ठिकाणी पद्धत वेगळी आहे. न्यूझीलंडमध्ये १९७८ पासून वजन, एक्सल आणि अंतर धरून रस्तावापराची आकारणी होते. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात सुमारे ३६ टनांच्या वर एक्सल वाढले की मैलाचा दर उतरतो. स्वित्झर्लंडची २००१ ची आकारणी अंतर, कमाल परवानगी वजन आणि प्रदूषण बघते, एक्सल बघत नाही.

पाणी आणि ऊन यांनी होणारी झीज कुठल्याच ट्रकच्या नावावर टाकता येत नाही, तेवढा भाग सगळ्या वापरणाऱ्यांनी मिळून भरावा, बाकीचा एक्सलच्या हिशोबाने.