दोन्ही ऑटोमॅटिकच, पण एकीत क्लच आहे

क्लचचं पेडल नाही म्हणजे गाडी ऑटोमॅटिक, एवढ्यावर बहुतेक जण विषय संपवतात. पण या दोन पेडलच्या गाड्यांमध्ये एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) आणि टॉर्क कन्व्हर्टर या दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. (सीव्हीटी आणि ड्युअल क्लच हे ऑटोमॅटिकचे आणखी वेगळे प्रकार, ते आज बाजूला ठेवू.) आत बसल्यावर दोन्ही सारख्याच वाटतात. चालवायला लागलं की उजव्या पायाकडून दोघींच्या अपेक्षा वेगळ्या असतात, आणि ते माहीत नसल्यामुळे चांगल्या गाड्यांना उगाच नावं ठेवली जातात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. तेच गिअर, तीच क्लच प्लेट. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम इलेक्ट्रिक मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते, आणि कधी करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. म्हणून ती स्वस्त पडते, वजन फारसं वाढत नाही आणि मायलेजही मॅन्युअलच्या आसपास राहतं.

आता एएमटीचा तो बदनाम झटका. गिअर बदलताना क्लच सुटतो, त्या क्षणापुरती इंजिनची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही, गाडीचा जोर ओसरतो आणि मान पुढे जाते. मॅन्युअलमध्येही नेमकं हेच होतं, पण तिथे गिअर आपणच बदलत असल्यामुळे अंग आधीच सावरलेलं असतं. म्हणून मी याला बिघाड मानत नाही. गिअर पडायच्या सुमारास अ‍ॅक्सिलरेटर जरासा सैल सोडा, झटका बराच कमी होतो. ओव्हरटेक करायचा असेल तर मॅन्युअल मोडमध्ये आधीच एक गिअर खाली घ्या. ऐन वेळी पेडल तळापर्यंत दाबून गाडी विचार करत बसली, तर तो क्षण फार लांब वाटतो.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लच प्लेटच्या जागी तेल असतं. हायड्रोडायनॅमिक पद्धतीने ताकद पोचवण्याचं पेटंट हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये घेतलं, तेही जहाजांसाठी. मोटारींत हे तंत्र बऱ्याच नंतर आलं. तेलाने भरलेल्या बंद डब्यात पात्यांची दोन चाकं समोरासमोर असतात. एक इंजिनबरोबर फिरतं आणि तेल दुसऱ्यावर फेकतं, दुसरं गिअरबॉक्स फिरवतं. मधलं स्टेटर नावाचं पात्यांचं चाक परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतं, त्यामुळे गाडी उभ्यावरून निघताना टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, जवळपास दुप्पट होऊ शकतो. भरलेली गाडी चढावर अलगद निघते ती यामुळेच. पुढचे गिअरही असे रचलेले असतात की एक सुटताना दुसरा पकडतो आणि ताकद तुटत नाही. तेल घसरतं तेवढी ऊर्जा उष्णतेत जाते खरी, पण आजच्या गाड्यांत निघाल्यावर लॉक-अप क्लच दोन्ही चाकं एकत्र जोडतो, त्यामुळे पूर्वीइतकं इंधन वाया जात नाही.

खरा फरक चढावर कळतो. पुढची गाडी थांबली आहे आणि मागच्या चालकाने ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरली आहे, हे दृश्य रोजचं आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये यात तेल तापतं. चांगली सवय नाहीच, पण थोडा वेळ चालून जातं. एएमटीत मात्र क्लच प्लेट अर्धवट पकडीत घासत राहते, तापते, जळका वास येतो आणि तिचं आयुष्य भराभर संपतं. एएमटी चढावर ब्रेकनेच धरायची, दुसरा मार्ग नाही. हिल होल्ड असेल तर तो ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंद गाडी धरतो, तेवढ्यात निघायचं. रेंगाळत्या ट्रॅफिकमध्येही तेच. ब्रेक सोडला की दोन्ही गाड्या हळूहळू सरकतात, पण एएमटी हे क्लच घासवून करते. इंच इंच सरकण्यापेक्षा पुढे थोडी जागा होऊ द्या आणि मग निघा.

पार्किंगचा फरक लहान वाटतो, पण सुरक्षिततेचा आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत पी (पार्क) असतो आणि तो गिअरबॉक्स अडकवून ठेवतो. बऱ्याच एएमटीत पी नसतोच. तिथे हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करायचं. न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी उतारावर फक्त हँडब्रेकच्या भरवशावर उभी असते.

देखभालीत एएमटीची क्लच प्लेट झिजणार हे धरूनच चाला. दुसरीकडे टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभर बदलावं लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर माझा विश्वास बसत नाही. तेल इतकी उष्णता सोसतं, ते जुनं होणारच.

रोज तासन्‌तास गर्दी, चढ आणि माणसांनी भरलेली गाडी असेल तर जास्त पैसे मोजून टॉर्क कन्व्हर्टरच घ्या, असं मी सांगेन. मोकळे रस्ते, आटोपशीर खर्च आणि थोडं शिकायची तयारी असेल तर एएमटी मनापासून आवडेल. टेस्ट ड्राइव्ह मात्र मोकळ्या सरळ रस्त्यावर नको, तिथे दोन्ही छान वाटतात. चढावर न्यायला सांगा, मध्येच थांबा, पुन्हा निघा, आणि हेच चारजण बसवून करून बघा.