मे फ्लॉवर: फूल मेमध्ये, मशागत पावसाळ्यात

एप्रिलअखेर कोरड्या कुंडीतून जाड, टोकदार कोंब वर येतो. पान एकही नसतं. आठवडा-दहा दिवसांत टोकाची कळी उकलते आणि मुठीहून मोठा लाल गोंडा दिसू लागतो. जवळून पाहिलं तर तो एका फुलाचा नसतो, अनेक छोट्या फुलांचा गुच्छ असतो. भरदार कंदावर त्यांची संख्या शंभराच्याही पुढे जाते. प्रत्येक फुलाला सहा अरुंद पाकळ्या, सहा पुंकेसर आणि त्यांच्या टोकांना पिवळे परागकोश. नर्सरीत मे फ्लॉवर किंवा फुटबॉल लिली म्हणून मिळणारी ही स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस मूळची आफ्रिकेची.

फूल आलं नाही की दोष सावलीला दिला जातो. खरं तर मेमधला गोंडा आदल्या पावसाळ्यात पानांनी कंदात साठवलेल्या अन्नावर उभा राहतो. फूल सुकल्यावर ‘आता काय उरलंय’ म्हणून कुंडी कोपऱ्यात सारली, पानं कापली, की पुढच्या मेमध्ये नुसती पानंच येणार. सुकलेला दांडा कापा, पानांना हात लावू नका.

सावली मात्र कोणती, हे बघावं लागतं. भर दुपारी पांढऱ्या कागदावर वीतभर उंचीवर हात धरा. पुसट का होईना, सावली पडली तर जागा चालेल. अजिबात पडली नाही तर पानं लांबट, लुळी होतात आणि कंद पोसत नाही. पूर्वेची गॅलरी किंवा आंब्याखालचे कवडसे उत्तम. दुपारच्या थेट उन्हात पानं करपतात.

एका कंदाला 8 ते 10 इंची कुंडी पुरते. दोन भाग माती, एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू. कंदाची मान मातीच्या पातळीला ठेवा; खोल पुरला तर मानेशी पाणी साचून कुजतो. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत द्या. युरिया टाळा, पानं माजतात. मुळं हलवलेली याला आवडत नाहीत, म्हणून कुंडी तीन-चार वर्षांनीच बदला. त्या वेळी बाजूचे छोटे कंद वेगळे करता येतात.

पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे-नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या येतात. लिलीवर्गाच्या त्या खास शत्रू; दोन दिवसांत पानाचा फडशा पाडतात. संध्याकाळी पानं उलटून अंड्यांचे पुंजके पुसून काढा, अळ्या वेचा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब घालून फवारा.

नोव्हेंबरमध्ये पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत बंद करा. सर्वाधिक कंद मरतात ते याच काळात, आणि तेही मायेपोटी: रिकामी कुंडी बघवत नाही म्हणून रोज तांब्याभर पाणी घातलं जातं आणि झोपलेला कंद आत सडतो. कुंडी छपराखाली आडवी करून ठेवा. एप्रिलच्या मध्यावर एकदा भरपूर पाणी द्या. त्यानंतर कोंब दिसेपर्यंत माती जेमतेम ओलसर राहू द्या.

कंद विषारी आहे, आणि काढून ठेवला तर हुबेहूब कांद्यासारखा दिसतो. स्वयंपाकघराच्या आसपास ठेवू नका.