कर्जत फास्ट नक्की कुठल्या क्लासची?

मुंबई लोकलच्या टाइमटेबलचा कोड पहिल्यांदा लिहायला घेतला तेव्हा मला वाटलं, रूट म्हणजे काय, स्टेशनांची लिस्ट, झालं. सीएसएमटी, मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, ओळीने टाकत गेलो आणि कर्जत फास्टपाशी गाडी अडकली.

ही बाई कल्याणपर्यंत बरीच स्टेशनं गाळत सुसाट जाते आणि पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करत सगळीकडे थांबते, मग हिला फास्ट म्हणायचं की स्लो? मी आपलं 'लोकल' क्लासमधून (क्लास म्हणजे कोडमधला एका प्रकारच्या गोष्टीचा साचा) 'फास्टलोकल' आणि 'स्लोलोकल' असे दोन क्लास काढले होते, त्यात डिसेंबर 2017 पासून एसी लोकल पण धावतेय म्हणून 'एसीलोकल', लेडीज स्पेशलचा वेगळा, मग एसी असून फास्ट असेल तर अजून एक... वंशावळ नुसती वाढत चालली. खरं तर फास्ट ही गाडीची जात नाहीच, ती कुठे थांबते एवढाच प्रश्न आहे, आणि एसी हा डब्यांचा गुण. इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासमधून दुसरा क्लास काढणं, दिसला की वापरायची खाज आपल्याला असतेच!

बस-रेल्वेची टाइमटेबलं लिहायचा जीटीएफएस नावाचा फॉरमॅट आहे, 2005 च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ट्रायमेटने गूगलसोबत सुरू केलेला. त्यात रूट, ट्रिप, स्टॉप आणि स्टॉप-टाइम असे चार वेगळे तुकडे आहेत. रूट म्हणजे सीएसएमटी-कर्जत, ट्रिप म्हणजे त्यावरची अमुक वेळेची एक गाडी, आणि स्टॉप-टाइममध्ये ती गाडी कितव्या नंबरला कुठल्या स्टेशनात किती वाजता पोचते न् सुटते ते. गाळलेल्या स्टेशनाची नोंदच नाही, म्हणजे कर्जत फास्टचं भांडण मिटलं.

स्टॉपला मात्र स्वतःचा आयडी हवा, नाव चालत नाही. 2018 मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं, स्टेशन तेच. प्लॅटफॉर्म नंबरवरही भरवसा नको, 2023 च्या डिसेंबरात दादरला मध्य रेल्वेचा 1 नंबर 8 झालाच की.

सगळ्यात मजा वेळेची. समजा शनिवारी रात्री 12:24 ला गाडी सुटते, घड्याळात रविवार लागला तरी टाइमटेबल शनिवारचंच, म्हणून जीटीएफएसमध्ये ती 24:24:00 लिहितात, आणि दीड वाजता पोचली तर 25:30:00. मी शहाणपणाने 00:24 लिहिलं होतं, तर माझ्या यादीत रात्रीची शेवटची गाडी पहाटेच्या पहिल्या गाडीच्याही वर जाऊन बसली होती.