सोफ्यावरचा खर्ज

नाशिकला विसर्जनाची मिरवणूक मेन रोडवरून रविवार कारंजाकडे सरकत असते तेव्हा मागच्या गल्लीतल्या घरात ताशा विरून जातो, ढोल मात्र येतच राहतो. ताशाची कडकड भिंती अडवतात. ढोलाचा खर्ज त्यांना फारसा जुमानत नाही. घरातला सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज (बेस) वाजवणारा स्पीकर, याच खर्जाचं काम करतो, म्हणून त्याची पातळी लावताना खोली आणि भिंती आधी बघाव्या लागतात.

इंदिरानगरात मावसभावाच्या रो-हाउसमध्ये हे नीट दिसलं. हॉल १४ फूट लांब, १० फूट रुंद, स्लॅबही १० फुटांवर. वूफर कोपऱ्यात, शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीला चिकटून. "दादा, सोफ्यावर बसलं की बेस गायब, आणि मागच्या भिंतीशी उभं राहिलं की छाती दणाणते," त्याची तक्रार. उपाय म्हणून तो नॉब वाढवत गेला होता.

दोष नॉबचा नव्हता. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांच्या, लाटेची लांबी ८.६ मीटर, म्हणजे २८ फूट भरते. तिची अर्धी लांबी १४ फूट. नेमकी या हॉलची लांबी! अशी लाट समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून उभी राहते. भिंतींपाशी दाब सर्वांत जास्त, बरोबर मध्यावर जवळपास शून्य. सोफा होता सातव्या फुटावर. नॉब कितीही पिळला तरी तिथे ४० हर्ट्झचा खड्डा बुजत नाही, फक्त शेजाऱ्यांच्या वाट्याचा खर्ज वाढतो. भरीला रुंदी आणि उंची सारखीच, त्यामुळे दोन्हींचं घुमणं ५६ हर्ट्झच्या आसपास एकावर एक येतं.

सोफा सव्वादोन फूट मागे नेला. त्या जागी ४० हर्ट्झचा दाब भिंतीजवळच्या जवळपास निम्मा मिळतो. मग वूफर उचलून चक्क सोफ्यावर ठेवला, एकसारखा बेस चालू केला आणि भावाला भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगायला लावलं. वूफर आणि कान यांच्या जागा बदलल्या तरी त्यांच्यामधला आवाजाचा व्यवहार तोच राहतो. जिथे रांगताना बेस स्वच्छ, एकसारखा ऐकू येतो तिथे वूफर ठेवायचा. आम्हाला ती जागा टीव्हीच्या डावीकडे, कोपऱ्यापासून तीन फुटांवर सापडली.

पातळी त्यानंतर. इथे कानावर भिस्त ठेवणं धोक्याचं. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवलं की कान सगळ्या सुरांना सारखी दाद देत नाही. २० हर्ट्झचा सूर नुसता जाणवायलाच ७८ डेसिबलच्या आसपास दाब लागतो. पण एकदा जाणवू लागला की तो झपाट्याने मोठा होतो: तिथे ५ डेसिबलची वाढ कानाला जवळपास दुप्पट वाटते. नॉब केसभर फिरला आणि संवाद बुडाले, असं होतं ते यामुळे.

म्हणून आवाज मोजणारा मीटर हवा, आणि त्यावर खर्ज जवळपास पूर्ण मोजणारं 'सी' मापन. 'ए' मापन ४० हर्ट्झला सुमारे ३५ डेसिबल कमी धरतं, वूफरसाठी ते निरुपयोगी. वूफरचा नॉब मध्यावर, त्याचा स्वतःचा क्रॉसओव्हर (ज्या सुराच्या खालचा आवाज वूफरकडे जातो ती सीमा) शेवटपर्यंत उघडा, सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. मग रिसीव्हरचा टेस्ट टोन लावून, सोफ्यावर कानाच्या उंचीला मीटर धरून प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलवर आणायचा, आणि वूफरही ७५ वरच. सिनेमातल्या स्फोटांच्या वेगळ्या ट्रॅकला लागणारे १० डेसिबल रिसीव्हर स्वतःच वाढवतो. हाताने वाढवले तर दोनदा पडतात.

भावाला रात्री हळू आवाजात बघायची सवय आहे. आवाज उतरवला की कानाला खर्ज सगळ्यात आधी कमी वाटतो, म्हणून तेव्हापुरते २–३ डेसिबल चढवायला मी स्वतः सांगितलं. पण त्याआधी आम्ही शेजारच्या काकूंच्या घरात जाऊन, त्यांच्या बाजूने भिंतीला कान लावून ऐकून आलो.