जर्मनीतलं ‘मायर’ आडनाव आलं कुठून?

‘मायर’ हे मुळात पद. लॅटिन ‘मायोर’, म्हणजे इतरांहून वरचा. राजाच्या किंवा मठाच्या जमिनीवर कुळांकडून वेठ आणि धान्य वसूल करणारा कारभारी तो मायोर. इ.स. 800च्या सुमारास, फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या काळात, राजाच्या शेतवाड्यांसाठी ‘कापितुलारे दे विलिस’ हा हुकूमनामा निघाला. एका दिवसात फिरून पाहणी होईल त्याहून जास्त मुलूख एका मायोरकडे देऊ नये, असं त्यात बजावलं आहे. शिवाय ही नेमणूक बड्या लोकांतून करू नये, मध्यम स्थितीतल्या इमानी माणसांतून करावी. बडे लोक या जागेचा काय फायदा उठवत असतील, ते यावरून ताडता येतं. धास्ती खोटी नव्हती. पुढे अनेक ठिकाणी हे पद वंशपरंपरागत झालंच.

पण वाड्याला कारभारी एकच असायचा, तेवढ्याने आडनाव इतकं फोफावलं नसतं. खरी भर पडली उत्तरेत. आजच्या लोअर सॅक्सनीत जमीनदार मोठी शेतं ठरावीक खंडाने लावून देऊ लागले आणि ती कसणाऱ्या कुळालाच मायर म्हणायची पद्धत पडली. पूर्ण शेत असेल तो फोलमायर, अर्धं असेल तो हाल्बमायर. गावोगाव मायर झाले ते असे. आपल्याकडचे सगळे पाटील एका घरचे नसतात, तसेच हेही एकमेकांचे भाऊबंद नव्हेत. मायर फार झाले की पुढे खूण जोडली जाई: वरच्या अंगाचा ओबरमायर, खालच्या अंगाचा नीडरमायर.

उच्चार एकच असला तरी स्पेलिंगं पाच-सहा आहेत आणि त्यांना प्रदेश आहे. मधली अक्षरं ‘ई-वाय’ असली तर बहुधा उत्तर जर्मनी, विशेषतः लोअर सॅक्सनी. ‘ए-आय’ किंवा ‘ए-वाय’ म्हणजे दक्षिण: बाडेन-वुर्टेंबर्ग, बव्हेरिया. शेवटचा ‘ई’ गळून नुसतं ‘ए-वाय-आर’ उरलं तर बव्हेरियन श्वाबिया किंवा ऑस्ट्रिया. ‘ई-आय’ बऱ्याच ठिकाणी सापडतं, स्वित्झर्लंडमध्ये तर फारच. मूलद्रव्यांची आवर्ती मांडणी करणारे लोथार मायर उत्तरेतल्या फारेलचे, त्यांचं ‘ई-वाय’. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडणारे रॉबर्ट मायर दक्षिणेतल्या हाइलब्रोनचे, त्यांचं ‘ए-वाय’. जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर बव्हेरियन श्वाबियातल्या केम्प्टेनचे, म्हणून ‘ई’ गायब. ‘ई-वाय’वालं स्पेलिंग एकटंच जर्मनीतल्या पहिल्या दहा आडनावांत बसतं, सगळी एकत्र धरली तर क्रमांक आणखी वर सरकतो.

ज्यू घराण्यांतला मायर मात्र बऱ्याचदा निराळा. तिथे ‘मेइर’ या हिब्रू नावाला, अर्थ प्रकाश देणारा, जवळचं जर्मन रूप मिळालं. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातल्या ज्यूंना कायमचं आडनाव घेणं 1812च्या फर्मानाने भाग पडलं. अशा घराण्याचा शोध शेतवाड्याच्या खंडवहीत घेणं व्यर्थ.

वंशावळ काढणारे अडतात ते स्पेलिंगवरच. 1 जानेवारी 1876पासून संपूर्ण जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-मृत्यू नोंद सुरू झाली (प्रशियात 1874पासून) आणि मग अक्षरं गोठली. त्याआधी चर्चच्या वहीत पाद्री कानाला येईल तसं लिही. बापाचं ‘ई-आय’ आणि मुलाचं ‘ई-वाय’ सर्रास दिसतं. वेस्टफालिया आणि लिपे भागात त्याहून मोठी अडचण: शेताच्या वारसदार मुलीशी लग्न करणारा पुरुष शेताचंच नाव लावी. नोंदीत दोन नावांमध्ये ‘गेनान्ट’, म्हणजे ‘ऊर्फ’, दिसलं की पुरुषाचं मूळ घराणं पहिल्या नावावर शोधायचं, दुसरं शेताचं.

संगणकावर शोधताना ‘कोलोन फोनेटिक’ ही 1969ची उच्चारावर चालणारी पद्धत कामाला येते. तिच्यात ‘म’ला 6 आणि ‘र’ला 7; मधले स्वर गळतात, त्यामुळे मायरच्या सगळ्या स्पेलिंगांचा कोड 67. मात्र माउअर आणि मोर या आडनावांचाही कोड 67च येतो, ती हाताने वेगळी काढावी लागतात. ओबरमायरसारखी जोडनावं या कोडखाली येतच नाहीत. त्यांचा शोध स्वतंत्र घ्यावा.